बुटावरची अक्षरं

बुकित पंजांग,
सिंगापूर,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. संजीवनीताई,
नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. कागदावर मराठी लिहून किती वर्षं झाली कोण जाणे, ‘ळ’ काढताना हात अडखळतोय. पण तुम्ही फोन उचलत नाही, ग्रुपमधून बाहेर पडलात, आणि व्हॉट्सॲपवर वेगळं लिहावं तर आमचा आयपॅड सगळ्यांचा, अभय वाचेल. आपल्या बहिणीकडे बायकोनं काय मागितलं ते त्याला कळू नये, म्हणून हा पत्राचा उद्योग.

आधी सारंगचं. अभयचा हा मित्र मूर्ख आहे हो! दर मॅचला पुंगोलहून येतो, आमचा सोफा अडवतो, दोन बशा पोहे हाणतो आणि वर तक्ते करतो. ताई हजर असताना सहा मॅच, त्यातल्या पाच हरलो. ताई नसताना एकही नाही. ‘अनुयाचे पंखे’ ग्रुपवर त्यानं तो तक्ता टाकला आणि खाली ‘पनवती’ लिहून दात काढले. मी त्याला तिथल्या तिथे झापलं, आणि घरी गेल्यावर बायकोनं, वल्लरीनं झापलं ते वेगळंच. तुम्ही इतकं मनाला लावून घ्याल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं लिहिते. आठ मार्चला, शनिवारी, आपल्याकडच्या सकाळी आठला अनुयाची बास्केटबॉलची सेमीफायनल आहे. हरलं की घरी. तिचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे ही शेवटचीच कॉन्फरन्स टूर्नामेंट. फायनल जिंकली तर तिचं ते ओहायोतलं एवढंसं कॉलेज पहिल्यांदाच देशाच्या स्पर्धेत जाईल. पोरगी नऊ वर्षांची असल्यापासून हेच बोलतेय, तुम्हाला मी काय सांगायचं.

ताई, लिहायला लाज वाटते, पण ही मॅच तुम्ही पाहू नका. आमच्याकडे तर येऊ नकाच, पण घरी लॅपटॉपवरही लावू नका. मी एमएस्सी केलेली बाई. तोआ पायोहमध्ये कुणी डोळे उघडे ठेवले म्हणून ओहायोत बॉल रिंगवरून बाहेर पडत नाही, हे मला समजतं. समजतं आणि तरी हे लिहितेय. एवढी एक मॅच माझ्यासाठी सोडा. आणि सध्या तिला फोनही नका करू, तिचं मन खेळात राहू दे.

अजून एक. लहानपणी तिच्या गुडघ्यांना तुम्ही कुठलं तेल चोळायचात? नाव कळवाल का? सहज विचारतेय.

आज महाशिवरात्रीचा उपास आहे. देवापाशीही तेवढंच मागितलं.

तुमची,
अनघा


तोआ पायोह,
१ मार्च २०२५

प्रिय अनघा,

खालच्या पत्रपेटीत विजेचं बिल, दाताच्या डॉक्टरचं कार्ड आणि मधोमध तुझं अक्षर. ‘ळ’ बरा जमलाय.

सारंगवर मी रागावलेली नाही. तीस वर्षं बँकेत काढली. माझ्यासमोर माझ्या चालण्याची नक्कल करणारे साहेब पाहिलेत. तो पनवती म्हणाला, म्हणू दे. उद्या इडल्या केल्या की येईल पहिला ताट घेऊन.

मी ग्रुप सोडला तो तुझ्यामुळे.

एकोणीस जानेवारी, रविवार. अनुया मॅच नुकतीच हरली होती आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा चहा गाळत होते. तू आतल्या खोलीत अनुयाशी व्हिडिओवर बोलत होतीस. दार उघडं होतं. तू म्हणालीस, “आज आत्या आली होती ना बघायला, पांढऱ्या पायाची! मग दुसरं काय होणार?” आणि हसलीस. मी चहा गाळला, कपात ओतला, तुझ्या हातात आणून दिला. तू म्हणालीस, “वा, आलं मस्त पडलंय.”

तो शब्द तुझा नाही गं. माझ्या सासूचा आहे. उल्हास स्कूटरवरून गेला तेव्हा आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. तेराव्याला, पंगत बसलेली असताना, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ही पांढऱ्या पायाची निघाली, आली आणि माझा मुलगा खाल्ला. त्यानंतर मी नाशिक सोडलं आणि वर्षभरात देश सोडला. हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. तुला. अनुया झाली त्या दिवशी, हॉस्पिटलात, कारण तू तिला आधी माझ्या मांडीवर दिलीस आणि मला रडू आवरेना. अभयलासुद्धा माहीत नाही. मला वाटलं होतं, तो शब्द त्या खोलीतच राहिला.

आता मॅचचं. त्या पोरीच्या हातात बॉल कुणी दिला, अनघा? तुम्ही दोघं ऑफिसातून साडेसातला उगवणार, तोवर तिला दमवायची म्हणून मी तिला माझ्या इमारतीखालच्या कोर्टवर नेत होते. लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून तिच्यामागे धावले, शेजारचे चिनी आजोबा हसून हसून बेजार. तीच पोरगी आता टीव्हीवर दिसते आणि मी बघायचं नाही!

नाही बघणार, जा. देवावर विश्वास आहे म्हणून नव्हे. चुकून हरलीच, तर त्यानंतर तू जन्मभर माझ्याकडे कशी बघशील ते मला आत्ताच दिसतंय. पण ही एकच मॅच. पुढची मागू नकोस.

तेल कशाला हवंय? गुडघा दुखतोय का तिचा? ‘सहज’ हा शब्द तू काहीतरी लपवताना वापरतेस.

संजीवनी


बुकित पंजांग,
८ मार्च २०२५

ती. संजीवनीताई,

जिंकलो! तीन पॉइंटनी जिंकलो! शेवटच्या वीस सेकंदांत तिनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. अभयनं मला उचललंच, कंबर धरली त्याची. सारंग तर सोफ्यावरून खाली. ओरडण्यानं माझा घसा बसलाय.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. काय लिहू? तोंडातून गेलं. पुण्याला आमच्या घरी सगळ्या बायका येताजाता वापरायच्या तो शब्द, तसा गेला. तो तुमचा आहे हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं, हे खरं सांगते. माझी जीभ झडो. आणि ताई, अनुयाला कितीसं मराठी समजतं? तिला अर्थही कळला नाही. उलट हसली, “सो क्यूट” म्हणाली. तेवढं तरी मनातून काढून टाका.

आता राग येईल, पण लिहितेच. फायनल चौदाला, शुक्रवारी. या वेळी आठला नाही, सातला, कारण उद्यापासून अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे. अभयला मीटिंग आहे, तो त्याच वेळी ऑफिसला निघेल. मी एकटीच बसणार. ताई, आज तुम्ही पाहिली नाहीत आणि ती जिंकली. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुम्ही म्हणाल, समोरच्या टीमची सेंटरला खेळणारी पोरगी आजारी होती. होती. तरीही, फक्त अजून एकदा. त्यानंतर कधी कधी कधी मागणार नाही.

गुडघा ठणठणीत आहे. काहीही झालेलं नाही. उगाच काळजी करू नका, डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाहीच.

पत्र मिळालं की हो का नाही ते लगेच कळवा. जीव टांगणीला आहे.

तुमची,
अनघा


तोआ पायोह,
१२ मार्च २०२५

प्रिय अनघा,

तुझं पत्र काल आलं. हे तुला शुक्रवारच्या आत मिळेल असं वाटत नाही. फोन करून ‘हो’ म्हणता आलं असतं, पण रडू फुटलं असतं. मला ते नको होतं.

शनिवारी मी काय केलं ते सांगते. फोन तांदळाच्या डब्यात खुपसला, झाकण लावलं आणि आठ वाजता खाली कोर्टवर जाऊन बसले. दोन म्हातारे बॉल टाकत होते. त्यातल्या एकानं विचारलं, तुझी मुलगी कुठेय हल्ली, ती उंच? त्याला ती माझीच मुलगी वाटते, मी कधी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, आज तिची मोठी मॅच आहे. तो म्हणाला, मग तू इथे काय करतेस? या प्रश्नाला माझ्याकडे इंग्रजीत उत्तर नव्हतं आणि मराठीत द्यायची लाज वाटली. नवापर्यंत बसले. साडेनवाला वर जाऊन डब्यातून फोन काढला, तर अभयचे अकरा मेसेज. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले, आनंदानं रडले असं तुला वाटत असेल तर तसं समज.

शुक्रवारीही तेच करीन. नाही बघणार. अनुयासाठी मी डोळे काढून द्यायला तयार आहे, दोन तास मिटायला काय जातंय? पण एक मागते. संपली की मला एक मिस्ड कॉल दे. मग मी दोन्ही मॅचचं रेकॉर्डिंग लावून बसेन. होऊन गेलेल्या मॅचचं माझी नजर काय बिघडवणार?

आणि मी गुडघ्याबद्दल एकदाच विचारलं होतं, तू तीन वाक्यांत तीनदा नाही म्हणालीस. तिला फोन करून विचारावं असं दहा वेळा मनात आलं. तू करू नका म्हणालीस, आणि खरं सांगायचं तर मी रुसलेही होते, म्हणून केला नाही. तू तिची आई आहेस. मी गप्प बसते.

संजीवनी


बुकित पंजांग,
१४ मार्च २०२५

संजीवनीताई,

तुम्हाला कळलंच असेल. कळलं कसलं, तुम्ही पाहिलंच.

चौथ्या क्वार्टरमध्ये तीन मिनिटं राहिली होती आणि आपण पाच पॉइंटनी पुढे होतो. रिबाउंडला उडी मारली आणि खाली आली ती तशीच कोसळली. तिची किंकाळी कॉमेंटेटरच्या आवाजातूनही ऐकू आली. मी टीव्हीला हात लावून उभी होते. कॅमेरावाल्यानं तिचा पाय मोठा करून दाखवला, पुन्हा पुन्हा दाखवला. बुटांवर मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं, मला वाचवेना. तिला उचलून नेलं. आपण दोन पॉइंटनी हरलो.

मी विनवणी केली होती. पत्र लिहून पाय धरले होते. तुमचं उत्तर आलं नाही तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सव्वासातला माझ्या स्क्रीनवर आलं, या लॉगिनवरून दुसरीकडेही मॅच चालू आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे? अभयनं आमचं लॉगिन एकाच घरी दिलंय. मी तेव्हाच म्हटलं, संपलं सगळं. खरं सांगा, पाहिलीत ना? दोन तास, ताई, दोन तास तुम्हाला राहवलं नाही!

तो शब्द बोलल्याचं मला वाईट वाटत होतं. आता नाही वाटत.

अनघा


बुकित पंजांग,
१७ मार्च २०२५

ती. संजीवनीताई,

तुमचं बारा तारखेचं पत्र आज मिळालं. ऑफिसातून आले, पेटी उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या वाचलं.

माझं शुक्रवारचं पत्र आलं असेल तर फाडून टाका. न वाचता टाकता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मग तो दुसरा स्क्रीन कुणाचा होता, मला काही कळत नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही. अभय माझ्याशी धड बोलत नाही, नुसता बसून राहतो.

रविवारी आम्ही दोघं ओहायोला निघतोय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, लिगामेंट आधीपासून फाटत आलेलं असणार, एका उडीत असं होत नाही. हे सगळे डॉक्टर असंच म्हणतात.

अनघा


ओहायो,
१८ मार्च

हाय आत्या,

कागदावर लिहून फोटो पाठवते, कारण तू बोलते की टाइप केलेला मराठी म्हणजे चीटिंग. मिस्टेक असेल तर सॉरी.

माझा लिगामेंट पूर्ण तुटला. डॉक्टर बोलले नॉर्मल चालणार, पण कॉलेजचा खेळ संपला. मी खूप रडली. आता नाही रडत, प्रॉमिस.

तू बाबाला सांगू नको, पण मला आधीपासून दुखत होता. फेब्रुवारीमध्ये मी आईला सांगितला की आत कटकट आवाज येतो. आई बोलली कोचला सांगू नको, तो बसवेल, फक्त दोन मॅच आहे, टेप लाव आणि तेल लाव. मला पण खेळायचं होतं. म्हणून आईचा फॉल्ट नाही. तिला ओरडू नको.

एक विचारते. तू माझी मॅच का नाही पाहिली? बाबा बोलला, तू दोन्ही नाही पाहिली. तू रागावली का माझ्यावर? प्रत्येक वेळी मॅचच्या आधी तू फोन करते आणि बोलते “गुडघे वाकव, मान वर”. या वेळी मी वाट पाहिली, पण फोन नाही आला. आईला विचारलं तर बोलली आत्या बिझी आहे, डिस्टर्ब नको करू.

म्हणून मी सरप्राइज केला. तू दिलेले पांढरे शूज आहे ना, त्याच्यावर तुझा निकनेम लिहिला, काळ्या मार्करनी. लेफ्टवर ‘पाढऱ्या’, राइटवर ‘पायाची’. आई तुला बोलते ना ते. मला खूप आवडतो तो, कारण तू पण पांढरे शूज घालून खाली कोर्टवर यायची. टीमला सांगितलं, हे माझ्या आत्याचं नाव आहे, लकी आहे. मॅचच्या आधी सगळ्यांनी खाली वाकून त्याला हात लावला, कोचनी पण.

तू टीव्हीवर वाचशील असं वाटलं मला. स्पेलिंग बरोबर आहे ना?

लव यू,
अनुया


तोआ पायोह,
२० मार्च २०२५

प्रिय अनघा,

तुझी दोन्ही पत्रं आली. पहिलं फाडलेलं नाही. माझ्याकडे उल्हासचं एकही पत्र नाही, सासूबाईंचंही नाही, त्यामुळे पत्रांचा डबा रिकामाच होता. त्यात ठेवलंय.

मी मॅच पाहिली नाही. सात ते नऊ खाली कोर्टवर होते. तो दुसरा स्क्रीन तुझ्या नवऱ्याचा. मीटिंगला निघाला खरा, पण मेट्रोच्या डाउनटाउन लाइनमध्ये उभ्यानं फोनवर पाहत होता. ती पडली तेव्हा पुढच्या स्टेशनला उतरला आणि प्लॅटफॉर्मवर बसून मला फोन करत राहिला. फोन तांदळात. वर आल्यावर मी उचलला तेव्हा तो बोलूच शकत नव्हता, नुसता “ताई, ताई” करत होता. तुला सांगायची त्याला भीती वाटते. त्याला वाटतं, आपण ऐन वेळी फोन उघडला म्हणून ती पडली. बघ, घरात आता पांढऱ्या पायाचे दोन झालो.

सोबत अनुयाचं पत्र छापून जोडलंय. सावकाश वाच, बसून वाच. तिनं तुला ओरडू नको म्हटलंय, म्हणून ओरडत नाही. पण तुला जे माहीत होतं ते मला आता माहीत आहे. पोरगी दुखतंय म्हणाली आणि तू तेल शोधत बसलीस. माझे डोळे मिटायला लावलेस, अनघा, कारण तुझे तुला उघडायचे नव्हते. इतकं तुला कुणीतरी सांगायला हवं आणि तुझ्याकडे दुसरं कुणी नाही. रविवारी विमानात वीस-बावीस तास अभय शेजारी असेल. त्याला तू सांग. मी सांगणार नाही, मला तिनं बांधून ठेवलंय.

मीही सुटलेली नाही. ते ‘सहज’ वाचल्याबरोबर मी तिला फोन करायला हवा होता. तिनं मला एका मिनिटात सगळं सांगितलं असतं आणि मी त्या कोचला ओहायोत हलवून जागा केला असता. मी रुसून बसले. पोरगी फोनची वाट बघत टेप गुंडाळत होती आणि मी इथे मानापमान मोजत होते. हे माझं मी बघेन.

रेकॉर्डिंग मात्र मी परवा लावलं. सगळं पाहिलं, तीन मिनिटं राहिलेली होती तेही पाहिलं. तुला वाचवेना म्हणतेस ना, मला पहिल्याच झटक्यात वाचता आलं. खडूनं त्या कोर्टच्या सिमेंटवर मीच तिला बाराखडी काढायला शिकवली होती, तिचं ‘प’ अजून तसंच पोट फुगवून बसतं. दहा अमेरिकन पोरी रांगेनं वाकून त्या अक्षरांच्या पाया पडल्यासारखा हात लावताना दिसल्या.

ती तुला अर्थ विचारेल. आज ना उद्या कुणीतरी मराठी माणूस तो फोटो पाहील आणि तिला सांगेल. तोवर तरी तू सांगू नकोस. एवढं माझं ऐक, मी तुझं दोनदा ऐकलं.

तिला काल मी उत्तर धाडलं, कागदावर लिहून, फोटो काढून. लिहिलं की रागावले नाही, गुडघ्याला जप, मान वर. आणि हो गं राणी, ते माझंच नाव, घरच्यांनीच ठेवलेलं. स्पेलिंग बरोबर आहे. ‘पां’वरचा अनुस्वार तेवढा राहिलाय.

संजीवनी